मराठी माध्यमातील उच्च प्राथमिक इंग्रजी

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत सहावी ते आठवी या इयत्तांना शिकवला जाणारा इंग्रजी हा भाषाविषय. शिक्षण हक्क कायद्याने (2009) या तीन इयत्तांना उच्च प्राथमिक स्तर म्हटले आहे. व्याकरण, शब्दसंपत्ती आणि साहित्य ही या विषयाची तीन अंगे. शाळेत ती बहुधा वेगवेगळ्या वह्यांत आणि वेगवेगळ्या तासांना वाटलेली असतात. प्रत्यक्षात ती एकाच पाठातून एकत्र शिकवली तरच टिकतात.

पार्श्वभूमी

राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना हा निर्णय झाला. त्याआधी अनेक वर्षे मराठी माध्यमाची मुले पाचवीत एबीसीडी गिरवत. त्यामुळे आजचा सहावीतला विद्यार्थी पाच वर्षे इंग्रजी ऐकून आलेला असतो. त्याला सूचना कळतात, फळ्यावरचे वाचता येते, पण स्वतःचे वाक्य मांडताना तो अडतो. उच्च प्राथमिक स्तराचे खरे काम हे अडणे सोडवण्याचे आहे. पाठ्यपुस्तके 1967 साली स्थापन झालेली बालभारती तयार करते.

जुनी पद्धत भाषांतराची होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी शिकली. नियम, शब्दांची यादी आणि दोन्ही दिशांनी भाषांतर, असा तिचा क्रम. तिने वाचणारे आणि लिहिणारे पुष्कळ घडवले, बोलणारे कमी. पुढे वाक्यरचनांचे क्रमवार सराव आले, त्यानंतर संवाद आणि कृतींवर भर आला. मराठीशी तुलना करून शिकवण्याची जुनी सवय मात्र या बदलांत मागे पडली, आणि हे नुकसान मोठे आहे, कारण या वयातल्या बहुतेक चुका मराठीच्या घडणीतूनच येतात.

व्याकरण

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. मराठीतल्या शब्दांच्या आठ जाती इंग्रजीतल्या आठ जातींशी एकास एक जुळतात, त्या यामुळे. नाम, विशेषण, क्रियाविशेषण या संज्ञा मुलाला मराठीच्या तासाला आधीच भेटलेल्या असतात, त्या पुन्हा नव्याने शिकवण्यात वेळ घालवू नये. जुळत नाहीत त्या जागी मात्र थांबावे. शब्दयोगी अव्यय नामानंतर, त्याला चिकटून येते. इंग्रजीत त्याचे काम करणारा शब्द नामाआधी आणि सुटा येतो: ‘टेबलावर’, पण ‘ऑन द टेबल’. शिवाय सोमवारी, सकाळी, रात्री, घरी या चारही शब्दांना मराठीत एकच ‘ई’ पुरते. इंग्रजीत ‘ऑन मंडे’, ‘इन द मॉर्निंग’, ‘अ‍ॅट नाइट’, ‘अ‍ॅट होम’. म्हणून ‘ऑन म्हणजे वर’ असा अर्थ न देता असे तयार तुकडेच पाठ करून घ्यावेत.

क्रियापदाचे ‘एस’ ही सर्वांत हट्टी चूक. मराठीत जातो, जाते, जातोस, जातात अशी प्रत्येक कर्त्याची वेगळी खूण असते. इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात ती एकाच ठिकाणी उरते: ‘शी गोज’. एवढ्या एका जागेकडे लक्ष जात नाही. जाऊ लागले की मूल ती जास्तीची लावते आणि ‘डझ शी गोज’ म्हणते. इथे ‘एस’ हे ‘डझ’कडे गेले, एका वाक्यात ते एकदाच मिळते, असे सांगून फळ्यावर बाण काढून दाखवावे. नुसता नियम सांगण्यापेक्षा हे लवकर पटते.

उच्चारात मराठीचे ज्ञान थेट उपयोगी पडते, तरी ते क्वचितच वापरले जाते. भूतकाळाचा ‘ईडी’ तीन प्रकारे उच्चारला जातो. ‘वॉक’, ‘हेल्प’, ‘वॉश’ असे कठोर वर्णाने संपणारे शब्द ‘ट’ घेतात: वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. मृदू वर्ण किंवा स्वर शेवटी असेल तर ‘ड’: प्लेड, ओपन्ड. शब्दच ‘ट’ किंवा ‘ड’ने संपत असेल तर ‘इड’: वाँटेड, नीडेड. अनेकवचनाचेही असेच: कॅट्स, डॉग्ज, बसेस. कठोर आणि मृदू वर्ण मुले संधी शिकताना ओळखायला लागतात. तीच यादी इथे काढली की नियम सांगायला दहा मिनिटे पुरतात आणि ‘वॉकेड’, ‘हेल्पेड’ हे उच्चार पुष्कळ कमी होतात.

‘अ’ की ‘अ‍ॅन’ याचा निकालही देवनागरीत लागतो. इंग्रजी शब्द मराठीत लिहून पाहावा. पहिले अक्षर स्वर आले तर ‘अ‍ॅन’, व्यंजन आले तर ‘अ’. ‘अवर’ स्वराने सुरू होतो म्हणून ‘अ‍ॅन अवर’, स्पेलिंग ‘एच’ने सुरू होत असले तरी. ‘युनिफॉर्म’ ‘य’ने सुरू होतो म्हणून ‘अ युनिफॉर्म’. ‘एमएलए’च्या सुरुवातीला ‘ए’ ऐकू येतो म्हणून ‘अ‍ॅन एमएलए’. ‘द’ केव्हा लावायचा हे इतके सोपे नाही. मराठीत तशी सोयच नसल्यामुळे ते वाचून वाचूनच अंगवळणी पडते. सहावीत त्याच्या चुका मोजू नयेत.

प्रयोग आणि ‘व्हॉइस’

आठवीतल्या सर्वांत मोठ्या गोंधळाचे मूळ एका समीकरणात आहे: कर्तरी म्हणजे अ‍ॅक्टिव्ह आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. हे समीकरण चूक आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, लाडू खाल्ले. याचे सरळ इंग्रजी ‘राम एट अ मँगो’, आणि ते अ‍ॅक्टिव्ह आहे. मराठीचा प्रयोग क्रियापद कोणाचे ऐकते ते विचारतो. इंग्रजीचा व्हॉइस कर्त्याच्या जागी कोण बसले आहे ते विचारतो. समीकरण पाठ केलेले मूल ‘ने’ दिसताच ‘बाय’ लावते आणि ‘बाय राम एट मँगो’ लिहिते. खरा पॅसिव्ह मराठीतल्या ‘आंबा खाल्ला गेला’ या रचनेच्या जवळ आहे. मराठी व्याकरणात तिला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी असे वेगळे नाव आहे आणि ती इंग्रजीच्या प्रभावाने रूढ झाली असे मानले जाते.

शिकवण्याची सुरुवात वाक्यांची उलटापालट करून होऊ नये. ज्या वाक्यांत करणारा माहीत नसतो किंवा महत्त्वाचा नसतो, ती आधी घ्यावीत: ‘माय सायकल वॉज स्टोलन’, ‘द ब्रिज वॉज बिल्ट इन 1950’. मग कृती अशी: ज्याचे काही झाले ते पुढे घ्या, काळाप्रमाणे ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ यांपैकी एक लावा, क्रियापदाचे तिसरे रूप लिहा, ‘बाय’ गरज असेल तरच जोडा. इथे मुले ‘वॉज स्टोल’ लिहितात, कारण ‘प्लेड’सारख्या नियमित क्रियापदांत दुसरे आणि तिसरे रूप सारखेच दिसते. यासाठी ब्रेक, स्टील, राइट, ईट, टेक, गिव्ह, सी अशी वीस-पंचवीस अनियमित क्रियापदे आधी पक्की हवीत.

शब्दसंपत्ती

‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ या पाठांतराने स्पेलिंग आणि अर्थ येतो. शब्दाचे सोबती येत नाहीत, आणि शब्द वापरायचा तर तेच लागतात. मराठीत गृहपाठ करतात, चूकही करतात. इंग्रजीत ‘होमवर्क’ला ‘डू’ आणि ‘मिस्टेक’ला ‘मेक’. दिवा बंद करतात आणि दारही बंद करतात, पण ‘लाइट’ ‘स्विच ऑफ’ होतो, ‘क्लोज’ होत नाही. फोटो काढतात, म्हणून मूल ‘ड्रॉ’ किंवा ‘रिमूव्ह’ लिहिते. तिथे ‘टेक’ हवे. शब्दांच्या वहीत म्हणूनच स्पेलिंग, मराठी अर्थ, सोबतीचा शब्द आणि स्वतःचे वाक्य असे चार रकाने आखावेत. तिसरा रकाना रिकामा राहिला तर नोंद अपुरी समजावी.

एका पाठात आठ-दहा नवे शब्द पुरेत. त्यांतले पाच बोलण्या-लिहिण्यात आणायचे, बाकीचे वाचताना ओळखले तरी चालते. शिकवलेला शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा समोर यावा. नाहीतर घटक चाचणीनंतर तो उरत नाही. कोणते शब्द आधी घ्यायचे, या प्रश्नावर मायकेल वेस्ट यांचे काम आजही आधाराचे आहे. ते ढाक्याला अध्यापक प्रशिक्षणात होते आणि बंगालमधल्या मुलांच्या वाचनाचा त्यांनी अभ्यास केला. नेहमीच्या वापरातल्या सुमारे 2000 शब्दांची त्यांची यादी 1953 साली प्रसिद्ध झाली.

मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द हे मुलांचे मोठे भांडवल. सहावीतल्या मुलाला असे शेकडो शब्द ठाऊक असतात. काहींचा अर्थ मात्र इकडे येताना सरकला आहे. आपण ‘हॉटेलात’ मिसळ खातो, इंग्रजीत हॉटेल हे मुक्कामाचे ठिकाण. आपल्याकडे ‘कॉपी’ म्हणजे परीक्षेतली लबाडी, तिकडे साधी नक्कल किंवा प्रत. अशा शब्दांची यादी वर्गानेच करावी.

साहित्य

दोन-तीन पानांच्या गद्य पाठाला पाच-सहा तास लागतात. पहिल्या तासाला चित्र, प्रसंग आणि अडणारे चार-पाच शब्द, मग शिक्षकाचे प्रकट वाचन. दुसऱ्या तासाला दोनच प्रश्न देऊन मूकवाचन. व्याकरणाची वाक्ये त्याच पाठातून निवडावीत. शेवटचे दोन तास लेखनासाठी राखावेत. सगळ्यात जास्त नुकसान होते ते प्रत्येक वाक्य वाचून लगेच मराठीत सांगण्याने. मूल मराठी वाक्याची वाट पाहते आणि इंग्रजी कानावरून जाऊ देते. मराठी प्रसंग उभा करायला आणि तुलना करायला वापरावी, ओळीमागून ओळ उलथायला नव्हे.

कवितेत अडचण चालीची असते. मराठी वृत्त लघु-गुरूंवर किंवा मात्रांवर चालते, इंग्रजी कविता आघातांवर. मुले प्रत्येक अक्षराला सारखे वजन देतात आणि कविता सपाट होते. बाकावर बोटाने ठेका धरून आघाताची अक्षरेच मोठ्याने म्हणावीत, मधली पटकन उरकावीत. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती हे अलंकार मराठीतून ओळखीचे असल्याने इंग्रजी नाव दिले की काम होते. फरक अनुप्रासात आहे. मराठीत वर्ण ओळीत कुठेही पुन्हा आला तरी अनुप्रास होतो, इंग्रजीत मुख्यतः शब्दारंभीचा ध्वनी पाहतात, अक्षर नाही. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही ‘सी’ने सुरू होतात, पण त्यांचा अनुप्रास होत नाही.

प्रश्नोत्तरे गाईडमधून उतरवली जातात, कारण प्रश्नच असे असतात की उत्तराचे वाक्य पाठात तयार मिळते. तीन प्रश्नांपैकी एक तरी ‘त्याने असे का केले असेल’ या जातीचा असावा. उत्तराची सुरुवात ‘आय थिंक ही … बिकॉज …’ अशी फळ्यावर द्यावी. एवढ्या आधारावर सहावीतले मूलही स्वतःचे दुसरे वाक्य लिहू शकते.

मूल्यमापन

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सहावीला आकारिक (वर्षभर वर्गात चालणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) यांचा भार 50-50 टक्के, सातवी-आठवीला 40-60 टक्के असा ठरवला गेला. आकारिकातले तोंडी काम आणि प्रकट वाचन हे इंग्रजीत मोलाचे आहे, कारण लेखी परीक्षेत उच्चार तपासलाच जात नाही. वही तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक लाल करावी. या आठवड्यात ‘एस’, पुढच्या आठवड्यात भूतकाळ. निबंधातल्या सगळ्या चुकांवर खुणा केल्या तर मूल पुढच्या वेळी सुरक्षित अशी तीनच वाक्ये लिहून वही मिटते.