अण्णांच्या तसबिरीजवळचा गोल

गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या खोलीत पितृपक्षातला एक फोटो आत्याने अजून जपून ठेवलाय. साल 2006. भिंतीवर हार घातलेले अण्णा, म्हणजे माझे आजोबा, खाली वाढलेली पानं, आणि तसबिरीच्या उजव्या अंगाला हवेत तरंगणारा पांढुरका, आरपार दिसणारा गोल. "अण्णा जेवायला आले होते," आत्या म्हणाली. मी वाद घातला नाही. पण त्याच सकाळी माळ्यावरून पितळी पातेली मीच उतरवली होती आणि तासभर शिंकत होतो, हे काही विसरलो नव्हतो.

अशा गोलांना 'ऑर्ब' म्हणतात आणि उत्तर 'धूळ' असं दिलं जातं. उत्तर बरोबर आहे, पण अर्धवट. घरातली धूळ म्हणजे सुताचे तंतू, कातडीचे पापुद्रे, मातीचे खडबडीत कण. त्यात गोल असं काय असतं? मग फोटोत इतका रेखीव गोल उमटतो कुठून?

तो खरं तर कॅमेऱ्याच्या छिद्राचा आकार असतो. फोकस दोन मीटरवरच्या आजोबांवर असतो आणि कण भिंगापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर. त्याचा प्रकाश सेन्सरवर एका बिंदूत जुळत नाही, पसरतो, आणि ज्या छिद्रातून आत आला त्याचाच आकार घेतो. काही कॅमेऱ्यांत छिद्राच्या पात्यांमुळे ऑर्ब चक्क षट्कोनी येतात. पितरांना षट्कोनाचं वावडं नसावं.

एवढासा कण दिसतो तरी कसा? अंतर वाढलं की फ्लॅशचा प्रकाश वर्गाच्या पटीत घटतो. दोन मीटर म्हणजे पाच सेंटिमीटरच्या 40 पट. म्हणजे कणावर आजोबांच्या तसबिरीपेक्षा सुमारे 1600 पट प्रकाश पडतो.

मग वडिलांच्या रोलच्या कॅमेऱ्यात हे पाहुणे का येत नसत? धूळ तर तेव्हाही होती. त्याच्या 50 मिलिमीटरच्या भिंगाचं छिद्र, पूर्ण उघडलं तर, 25 मिलिमीटरपर्यंत जाई. तोच कण तिथे फोटोच्या अर्ध्याहून जास्त रुंदीवर पसरतो आणि इतका फिका होतो की कळतच नाही. छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचं छिद्र दोनेक मिलिमीटरचं. तिथे डाग फोटोच्या रुंदीच्या पंचविसाव्या भागाएवढाच, म्हणून ठळक. शिवाय त्याचा फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असतो, त्यामुळे भिंगासमोरचा कणही उजळतो. मोठ्या कॅमेऱ्यावर उंच बसवलेल्या फ्लॅशच्या झोतात तो सहसा सापडत नाही. पाण्याखाली फोटो काढणारे याच कारणासाठी फ्लॅश लांब दांड्यांवर, कॅमेऱ्याच्या बाजूला धरतात. नाहीतर पाण्यातला गाळ फोटोभर चमकतो. जुलैच्या पावसात मरीन ड्राइव्हवर फ्लॅश मारून बघा, थेंबही हाच खेळ करतात.

परवा 2006 च्या फोटोचा तोच छोटा डिजिटल कॅमेरा चार्ज करून आत्याकडे गेलो. दिवे घालवले, भिंतीचा एक फोटो काढला: स्वच्छ. मग तिची गोधडी दोनदा झटकली आणि पुन्हा फ्लॅश मारला: पंधरा-वीस गोल. एक कडेला चंद्रकोरीसारखा कापलेला. लगेच पुन्हा झटकून, फ्लॅश बंद ठेवून, लांबून कोपऱ्यातल्या टॉर्चच्या उजेडात तिसरा फोटो काढला: एकही नाही.

आत्याने चष्मा लावला आणि मधल्या फोटोवर बोट ठेवून गोल मोजायला लागली. सतराव्यावर थांबली.

"आपल्या घराण्यात इतकी माणसं होती तरी कधी?"