वेटेड डिप्स

डिप्स म्हणजे डबलबारच्या दोन समांतर दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करायचं, आणि वेटेड डिप्स म्हणजे तेच, फक्त अंगावर जास्तीचं वजन घेऊन. बहुतेक वेळा कमरेच्या बेल्टला साखळीने प्लेट लटकवतात, कधी पायांत डंबेल धरतात, कधी वेटेड जॅकेट नाहीतर पाठीवर सॅक. जोर लागतो तो छातीच्या खालच्या भागाला, ट्रायसेप्सला (दंडाच्या मागच्या स्नायूला) आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला. पुढे झुकून मारले की छातीवर जास्त येतं, अंग सरळ ठेवलं की ट्रायसेप्सवर, पण कसेही मारले तरी तिन्ही कामाला लागतातच, त्यामुळे "हे छातीचे डिप्स, ते ट्रायसेप्सचे" असं भांडत बसण्यात फारसा अर्थ नाही.

डबलबारची सुरुवात साधारणपणे जर्मनीच्या फ्रीडरिश लुडविग यानच्या नावावर टाकतात. त्याने १८११ साली बर्लिनमध्ये उघड्यावर व्यायामाचं मैदान काढलं, आणि तिथून हे साधन जिम्नॅस्टिक्समधून जगभर गेलं. आपल्याकडे जुन्या व्यायामशाळांत सिंगलबार आणि डबलबार शेजारी शेजारी गाडलेले असतात ते त्याच घराण्यातले. स्वतःच्या वजनाच्या व्यायामावर आणखी वजन चढवायचं ही कल्पना मात्र आपल्याला नवी नाही, आखाड्यात गळ्यात दगडी कडं घालून बैठका मारतातच की.

वजन लावायचं कशाला? साधे डिप्स २०-२५ सहज निघायला लागले की पुढे आकडा वाढतो तो दमाचा, ताकद फार वाढत नाही. बेंचप्रेसला (बाकावर उताणं पडून बार वर ढकलतात तो व्यायाम) बारवर प्लेट चढवता येते, इथे बार जमिनीत गाडलेला आणि वजन म्हणजे आपण स्वतः, मग आपल्यालाच जड करावं लागतं. सुरू कधी करायचं याचा सर्वसाधारण हिशोब असा, की पूर्ण खाली जाऊन, वर कोपर लॉक, म्हणजे पूर्ण सरळ, करून, झोके न घेता सलग १२ ते १५ निघाले पाहिजेत. अर्ध्यात परत येणाऱ्याचे ३० त्यात धरत नाहीत.

आता यातली सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट, हिशोब. लोक फक्त प्लेटचं वजन मोजतात आणि स्वतःला विसरतात. समजा तुमचं वजन ७० किलो आणि तुम्ही ५ वरून १० किलोवर गेलात, तर ऐकायला "डबल केलं" वाटतं, पण खरं तर हातांवर ७५ चे ८० झाले, म्हणजे जेमतेम साडेसहा-सात टक्के वाढ. उलटं पण होतं, कोणी डाएट करून ७४ चा ७० झाला आणि प्लेट २० वरून २४ केली की मित्रांना ताकद वाढल्याचं सांगत सुटतो, तर दोन्ही वेळेला बेरीज ९४ च. (वजन उतरवताना ताकद टिकवली हेही कमी नाही म्हणा, पण वाढली नाही.) एका रेपला (एकदा पूर्ण खाली जाऊन वर येणं म्हणजे एक रेप) माणूस जास्तीत जास्त किती उचलेल याचा अंदाज काढतानाही हेच होतं. त्यासाठी एपलीचं सूत्र सगळीकडे वापरतात: वजन गुणिले (एक अधिक रेप्स भागिले ३०). ७० किलोच्या माणसाने २० किलो लावून ६ मारले तर ९० गुणिले १.२, म्हणजे १०८, त्यातून स्वतःचे ७० वजा केले की ३८ किलो. हेच सूत्र नुसत्या २० ला लावलं तर उत्तर २४ येतं, आणि माणूस उगाच महिनोन्‌महिने हलकं मारत बसतो.

म्हणून वहीत दोन आकडे लिहावेत, अंगाचं वजन आणि प्लेट. सुरुवात २.५ किंवा ५ किलोने, ५ ते ८ रेप्सचे तीन-चार सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं नीट बसायचं, आठवड्यातून दोनदा पुरे. सगळ्या सेटला ८ निघाले की सव्वा-अडीच किलो वाढवायचं. या छोट्या प्लेटा बऱ्याच जिममध्ये सापडतच नाहीत, मग थेट ५ ची उडी मारावी लागते आणि गाडी तिथेच अडते.

बेल्ट पोटावर घट्ट आवळायचा नसतो, कमरेच्या हाडांवर सैलसर, मागून थोडा खाली असा बसवायचा. साखळी एका कडीतून घेऊन प्लेटच्या भोकातून काढायची आणि दुसऱ्या कडीला हुक लावायचा. लांबी जमायला दोन-चार दिवस जातात: जास्त ठेवली की प्लेट घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि गुडघ्यावर बसते, कमी ठेवली की कुठे बसते ते पुरुषमंडळींना सांगायला नको. प्लेट मांड्यांच्या मध्ये हलकी धरली की झोके कमी होतात. मी पहिली साखळी हार्डवेअरच्या दुकानातून आणली होती, हुक इतका मऊ की दुसऱ्याच आठवड्यात १५ किलोला उघडून प्लेट सरळ फरशीवर, फरशीचा टवका उडाला आणि पायाचा अंगठा दोन बोटांनी वाचला. तेव्हापासून स्क्रूवाला हुकच. सॅकमध्ये वजन भरून पण चालतं, पण ते पाठीवर वर असल्याने तोल बदलतो आणि पट्टे खांद्यात रुततात, १० किलोपुढे नकोसं होतं.

बारवर उडी मारून चढायचं नाही, स्टूलवरून पाय सोडायचे आणि संपल्यावर पुन्हा स्टूलवरच टेकायचे. शेवटचा रेप अडकला आणि खाली स्टूल नसलं की खांद्याचे हाल होतात. खांदे कानाकडे चढू द्यायचे नाहीत, खाली दाबून ठेवायचे. खाली जाताना सावकाश, दंड जमिनीला समांतर किंवा त्याहून किंचित खाली येईपर्यंत. त्याखाली किती जायचं हे ज्याच्या त्याच्या खांद्यावर आहे, कारण वजनासकट तळाला जाताना हात मागे खेचला जातो आणि खांद्याच्या पुढच्या भागावर मोठा ताण येतो. बऱ्याच जणांना सुरुवातीला छातीच्या मधल्या हाडाशी दुखतं किंवा कट्‌ असा आवाज येतो. नुसता आवाज असेल तर एक वेळ ठीक, पण दुखत असेल तर प्लेट उतरवायची, काही आठवडे साध्या डिप्सवर यायचं आणि तरी राहिलं तर डॉक्टरला दाखवायचं.

जुन्या अमेरिकन लोखंडी मंडळींमध्ये हा व्यायाम फार मानाचा. १९५० च्या आसपासचा न्यूयॉर्कचा मार्विन एडर, स्वतः जवळपास ९० किलोचा, त्याच्या नावावर ४३४ पाउंड, म्हणजे साधारण १९७ किलो लावून मारलेला एक डिप सांगितला जातो. वरचा हिशोब लावला तर हातांवर २८७ किलो! बेंचप्रेसला ६०० पाउंड पहिल्यांदा उचलणारा पॅट केसी हाही भारी डिप्सचा भोक्ता होता. आज याची स्पर्धा स्ट्रीटलिफ्टिंगमध्ये होते, तिथे वेटेड पुलअप आणि वेटेड डिप हे मुख्य प्रकार. वर कोपर लॉक, खाली खांदा कोपराच्या खाली गेलाच पाहिजे, नाहीतर रेप बाद, त्यामुळे जिममध्ये ६० किलो मारणारे काही जण तिथे ४५ ला अडकतात.

हात मागच्या बेंचवर, पाय पुढच्या बेंचवर ठेवून आणि मांडीवर प्लेटा रचून मारतात ते बेंच डिप्स, ते वेगळे. तिथे पायांचं वजन बेंचवर जातं, म्हणून आकडा मोठा दिसतो, आणि हात पाठीमागे असल्याने खांद्याला जास्त त्रास. शिवाय प्लेटा मांडीवरून उतरवायला दुसरा माणूस लागतोच, आणि तो नेमका तेव्हाच मोबाईलमध्ये असतो.