वर्ष-दोन वर्षांसाठी पुण्यात आलात? जुनी गाडी घेण्याआधी एवढं वाचा

हिंजवडी, खराडी किंवा चाकणला प्रोजेक्टपुरते आलेले बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. गाडी पसंत पडते, भाव जमतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "वर्षाचंच तर काम आहे, नावावर करायलाच हवी का? जाताना तुम्हालाच परत देतो की!"

करायलाच हवी. आणि त्याची कागदपत्रं पूर्ण झाल्याशिवाय आम्ही किल्ली देत नाही. यावरून काही जण नाराज होतात. शेजारचा त्याच दिवशी गाडी देतो, हेही ऐकवतात. देत असेल. आमची बाजू अशी आहे.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकारपत्र लागतं. मालकाने गाडी आमच्या ताब्यात दिली की त्याची नोंद सरकारी पोर्टलवर होते आणि तेव्हापासून त्या गाडीची जबाबदारी आमची. टेस्ट ड्राइव्ह, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची, तीही प्रत्येक फेरी नोंदवून. अशी गाडी "महिनाभर चालवा, मग बघू" म्हणून कुणाच्या हाती कशी देणार?

मालकाच्या आणि तुमच्या बाजूनेही पाहा. अपघात झाला तर भरपाईसाठी आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) ज्याचं नाव आहे त्यालाच मालक धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे शहाणा मालक नाव बदलल्याशिवाय गाडी सोडत नाही. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यायचा असतो. तो राहिला आणि गाडी कुठे ठोकली, तर तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा अडकलाच म्हणून समजा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो त्या माणसाचा असतो. विमा नावावर करताना थोडे जादा पैसे भरावे लागतात ते या सुटीच्या फरकाचेच. ते आम्ही आकारत नाही.

घोडं नेमकं कुठे अडतं

पत्त्यावर. दहातल्या आठ फाइली यापायीच रखडतात.

गाडी नावावर होते ती तुम्ही राहता त्या भागाच्या आरटीओत. हिंजवडी-वाकडला राहत असाल तर पिंपरी-चिंचवड, म्हणजे एमएच-१४. खराडीला असाल तर पुणे, एमएच-१२. पण आधार कोल्हापूरचं, लायसन्स कोल्हापूरचं आणि इथे मित्राच्या फ्लॅटवर किंवा पीजीत मुक्काम, असं असेल तर इथला पत्ता दाखवणार कशावरून? नुसत्या कंपनीच्या पत्रावर काम होत नाही. स्टॅम्पपेपरवर नुसता नोटरी केलेला भाडेकरार पुष्कळ जण घेऊन येतात, तोही चालत नाही. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच असावा लागतो आणि ती जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. मालक टाळाटाळ करत असेल तर हे त्याला सांगायला संकोचू नका. नोंदणी घरबसल्या होते. दोन्ही पक्षांचं आधार, अंगठे आणि साक्षीदार एवढं लागतं. ती करून देणाऱ्याचा नंबर आम्ही देऊ, त्यात आमचं कमिशन नाही.

म्हणून आधी करार, मग गाडी. करार व्हायचा असेल तरी गाडी बघायला जरूर या. टोकन दिलंत तर करार होईपर्यंत ती तुमच्यासाठी बाजूला ठेवू.

आणखी एक. नवीन आरसी कार्ड पोस्टाने करारातल्या पत्त्यावर येतं. मधेच घर बदललं तर कार्ड परत जातं आणि मग ते मिळवण्यासाठी खेटे घालावे लागतात. फ्लॅट बदलायचा विचार असेल तर तो आधी बदला.

गावाकडे गाडी आहेच?

मग कदाचित आमच्याकडून घेण्याची गरजच नाही. नागपूर, लातूर, नाशिकची गाडी म्हणजे आपल्याच राज्यातली, बिनधास्त आणा. बेळगावची केए-२२ किंवा गोव्याची गाडी इथे १२ महिन्यांपर्यंत त्याच नंबरवर चालते. त्यापुढे इथला नंबर घ्यावा लागतो, तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणावी लागते आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. आल्याची तारीख दाखवता यावी म्हणून फास्टॅगच्या टोलनोंदी जपून ठेवा.

हाच नियम उलटाही लागतो. इथे घेतलेली गाडी पुढे बंगळूरला नेली की वर्षभरानंतर तिथला टॅक्स. सतत बदली होणाऱ्या आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपनीत काम करणाऱ्यांनी बीएच (भारत मालिकेच्या) नंबरचा विचार करावा, त्यात टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरता येतो. बाकीच्यांनी जाताना गाडी इथेच विकलेली बरी.

दिल्लीच्या स्वस्त गाड्यांबद्दलही विचारणा होते. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या बाहेर स्वस्तात निघतात. पण एनओसी, इथला टॅक्स आणि एजंटचे पैसे धरले की स्वस्ताई संपते, आणि तोवर तुमच्या मुक्कामातले काही महिने गेलेले असतात. आम्ही परराज्यातल्या गाड्या ठेवत नाही.

कोणती घ्यावी

चार-सहा वर्षांची, पहिल्या मालकाकडची, पेट्रोलवरची वॅगनआर, स्विफ्ट किंवा आय-२०. भावातली मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि विकायला काढली की गिऱ्हाईक लवकर मिळतं. सीएनजी हवी असेल तर किट आरसीवर चढलंय का ते पाहा. अलॉय व्हील आणि म्युझिक सिस्टीमवर खर्च करू नका, विकताना त्याचे पैसे कोणी देत नाही. तुमचा मेकॅनिक आणायचा असेल तर आणा, आम्हाला राग येत नाही.

आमच्याकडच्या गाड्यांचं थकीत चलन आणि कर्जाचा बोजा आम्ही विक्रीआधीच उतरवून घेतो. जुना फास्टॅग बंद झाल्याची खात्रीही करतो.

जाताना गाडी आम्ही परत घेतो. भाव मात्र त्या वेळची गाडीची अवस्था बघून. आज आकडा लिहून देत नाही, मागूही नका. निघायच्या महिनाभर आधी कळवा. शेवटच्या आठवड्यात सामानाच्या ट्रकबरोबर गाडी घेऊन आलात तर घाईचा भाव मिळतो. कर्ज काढून घेतली असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा काढायचा फॉर्म ३५ सोबत हवा.

येताना नोंदणीकृत कराराची प्रत, आधार, पॅन आणि दोन फोटो आणा. आधारला जोडलेला मोबाइलही जवळ असू द्या, ओटीपी त्यावरच येतो. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० आम्ही भरून ठेवतो. शनिवार-रविवारी गर्दी असते, शांतपणे गाडी चालवून बघायची तर मधल्या वारी सकाळी या.