झोपेच्या गोळीनं विसरले म्हणता, पण डोक्यात गेलंच कुठं होतं?

आमच्या नागपुरात मे महिन्यात कूलरसुद्धा गरम हवा फेकतो, झोप लागत नाही, मग कोणीतरी म्हणतं अर्धी अल्प्राझोलम घे, आणि लगेच बाजूचा ओरडतो, "नको बाप्पा, वाचलेलं सारं पुसून जाते!" ऐकून ऐकून कान किटले म्हणून एकदाचं लिहितो.

गोळीनं गुंगी येते हे सगळ्यांना माहीत आहे. मेलाटोनिन वेगळं, ते शरीराला फक्त रात्र झाली एवढं सांगतं, ते सोडा.

घोळ आहे तो इथं. साठलेलं पुसणं वेगळं आणि नवीन साठूच न देणं वेगळं. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या गोळ्या यातलं दुसरं काम करतात. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन आहे, त्याचा जोर त्या वाढवतात, आणि नवीन गोष्ट पक्की करणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, त्यात सुस्तावतो. माणूस बोलतो, हसतो, भांडतोसुद्धा, फक्त नोंद होत नाही. एंडोस्कोपीच्या वेळी याच जातीचं मिडाझोलाम देतात त्याचं एक कारण हेच, पेशंट सांगितलं तसं करतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही.

आमच्या मावशीनं साडेनऊला गोळी घेतली आणि सिरीयल बघत बसली. तेवढ्यात मुलीचा फोन, साखरपुड्याची तारीख, हॉल, पाहुणे किती, सगळं ठरलं, साडीच्या रंगावरून वादही झाला. सकाळी मावशी म्हणे, "मले कोणी सांगतलंच नाही!" घरचे लागले ना तिला आठवायला लावायला, जोर दे म्हणे डोक्याला. अरे राजेहो, वहीत लिहिलंच नाही तर पानं उलटून काय सापडणार? स्वतःच्या लग्नातल्या पंगतीचा मेनू मात्र ती आजही घडाघडा सांगते.

भाच्याचं तसंच, नीटची तयारी, दहाला गोळी आणि अकरापर्यंत बायोलॉजी. तो तास गेला पाण्यात. गंमत म्हणजे गोळीच्या आधी पाठ केलेलं काही प्रयोगांत उलट जास्त लक्षात राहिलंय, कारण मागून नवीन काही येऊन धक्का देत नाही. पण याला अभ्यासाची ट्रिक समजू नका प्लीज, अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांनी गाढ झोप कमी होते आणि सकाळचा क्लासही बुडतो. झोल्पिडेम अडीच-तीन तासांत रक्तात निम्मी होते, अल्प्राझोलमला साधारण ११ तास लागतात, क्लोनाझेपामला ३०-४०, म्हणजे सातच्या क्लासला ती तुमच्यासोबत बाकावर बसलेलीच असते. अमेरिकेत २०१३ मध्ये बायकांसाठी झोल्पिडेमचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम केला तो सकाळी गाडी चालवताना गुंगी राहते म्हणूनच.

आणि "मी तर साधी अ‍ॅलर्जीची अ‍ॅव्हिल घेतो" म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. ती अ‍ॅसिटिलकोलिन अडवते, आणि आठवणीला मेंदूतलं तेच रसायन लागतं. म्हाताऱ्या माणसांना तर देऊच नका झोपेसाठी.

हे वाचून रोजची गोळी एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात, डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करायची. आमच्याकडं एवढंच केलंय, मावशीनं गोळी घेतली की ती सरळ आडवी आणि फोन काकांच्या उशाशी.