पार्श्वभूमी : ‘कॅकॉफनी’ आणि साडेतीन हजार शब्द

‘कॅकॉफनी’ हा शब्द मुंबईतल्या अनेक मराठी मुलांना पहिल्यांदा भेटला तो जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या शब्दयादीत. त्याचं मूळ ग्रीक: ‘काकोस’ म्हणजे वाईट, ‘फोने’ म्हणजे आवाज. सतराव्या शतकात फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा रोख मुख्यतः कानाला खुपणाऱ्या शब्दरचनेवर होता. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात शब्ददोषांच्या यादीत पहिलाच दोष ‘श्रुतिकटु’ आहे, तो याचाच भाऊबंद. भोंगे, हॉर्न आणि लाउडस्पीकर यांच्या एकत्र कल्लोळाला हा शब्द चिकटला तो पुढे. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांना गणेशोत्सवात त्याच्यावाचून करमत नाही.

मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं, २००० पासून ते पहिलीपासून झालं. पण असले शब्द शाळेत कधी आलेच नाहीत. ते आले इंजिनिअरिंगच्या शेवटच्या दोन वर्षांत, अमेरिकेत एमएस करायचं म्हणून द्यायच्या जीआरईमुळे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची दहा वर्षं दादर, माटुंगा, अंधेरीच्या क्लासमध्ये ही तयारी जोरात होती. सगळ्यांकडे तेच एक जाडजूड पुस्तक, त्यात सुमारे साडेतीन हजार शब्द, पन्नास याद्यांत विभागलेले. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा फोर्टात ते जुनं मिळायचं, आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. लोकलमध्ये बसायला मिळालं की एक यादी उरकायची. शब्द फक्त छापील भेटल्यामुळे उच्चार हमखास ‘कॅकोफोनी’ व्हायचा. आघात ‘कॉ’वर असतो हे बऱ्याच जणांना तिकडे विद्यापीठात पोहोचल्यावर कळलं.

यादीमागचं कारण परीक्षेच्या रचनेत होतं. तेव्हाच्या शाब्दिक विभागात विरुद्धार्थाचे प्रश्न असत: वर एकच शब्द, ना वाक्य ना संदर्भ, खाली पाच पर्याय. दुसरा प्रकार जोड्यांचा, म्हणजे दोन शब्दांत जे नातं तेच दुसऱ्या कुठल्या जोडीत आहे ते ओळखायचं. शब्द माहीत नसेल तर हुशारी कामाला येत नसे.

१ ऑगस्ट २०११ पासून हे दोन्ही प्रकार काढून टाकण्यात आले. गुणांची पट्टी २००–८०० वरून १३०–१७० वर आली. गाळलेल्या जागा एकेका वाक्यापुरत्या न राहता उताऱ्यांतही आल्या, आणि एक नवा प्रकार आला: सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे की रिकाम्या जागी यातला कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं म्हणणं असं की सुटे शब्द घोकण्यापेक्षा संदर्भातून अर्थ लावता येणं महत्त्वाचं. ऐकायला हे बिनतोड आहे आणि बहुतेकांनी त्याचं स्वागतच केलं.

फायदा कोणाचा झाला, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. घरी लहानपणापासून इंग्रजी पुस्तकं असलेल्याला संदर्भ आपोआप लागतो. बोरिवलीच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला यादी निदान मोजता येत होती. पन्नास याद्या संपल्या की काम झालं, ही खात्री होती. शिवाय ‘कॅकॉफनी’समोर ‘युफनी’ (गोड आवाज) ठेवली की ‘फोने’ दोन्हींतला दिसतो आणि ‘सिम्फनी’ही फुकटात मिळते, हा घोकंपट्टीचाच लाभ होता. उलट बाजूही खरी आहे. यादीत अर्थ म्हणून ‘डिस्कॉर्ड’ (बेसूरपणा, पण बेबनावही) एवढंच लिहिलेलं असे, त्यामुळे कित्येकांच्या डोक्यात ‘कॅकॉफनी’ म्हणजे भांडण असंच बसलं. डिस्कॉर्डला तो अर्थ आहे, कॅकॉफनीला नाही. तिच्यात एकमेकांशी न जुळणारे अनेक आवाज लागतात. नुसता मोठा आवाज पुरत नाही आणि म्हणून एकट्या फटाक्याला ती म्हणता येत नाही.

 

यादी संपली नाही, तिचं गिऱ्हाईक बदललं. एमबीएच्या प्रवेशपरीक्षेतून, म्हणजे कॅटमधूनही, थेट शब्दार्थाचे प्रश्न मागे पडले. केंद्र सरकारच्या पदवीधर भरती परीक्षेत मात्र समानार्थी, विरुद्धार्थी आणि ‘अनेक शब्दांबद्दल एक शब्द’ अजून थेट विचारतात, त्यामुळे आता यादी घोकतो तो सरकारी नोकरीच्या मागे असलेला मुलगा, तीही मोबाइलवरच्या कार्डांतून. सप्टेंबर २०२३ मध्ये जीआरई आणखी आखडली, जवळपास चार तासांची परीक्षा दोन तासांच्या आत आली आणि शाब्दिक विभागात २७ प्रश्न उरले. क्लासवाले तरीही पहिल्या दिवशी शब्दयादीच हातात देतात.