रक्तवाढीची गोळी: एक पोटात, बाकी कुलपात

मार्च २०२३ मधली गोष्ट. तमिळनाडूत उटीच्या एका शाळेत आठवीतल्या काही मुलांनी पैज लावली, जास्त गोळ्या कोण खाणार? गोळ्या शाळेतूनच मिळणाऱ्या लोहाच्या होत्या. आपल्याकडे त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या म्हणतात. मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि त्यातली तेरा वर्षांची एक मुलगी यकृत निकामी होऊन गेली.

त्या पोरांना ‘हे विष आहे’ असं कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी हातही लावला नसता. पण ही गोळी तर शाळेत मिळते, ती घेतली की अंगात रक्त होतं. मग जास्त खाल्ल्या तर जास्त ताकद येईल, असं वाटणं त्या वयात स्वाभाविक आहे. म्हणूनच या गोळीबद्दल मुलांशी, पालकांशी आणि शिक्षकांशी नीट बोलायला हवं.

गोळीची गरज खरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. त्यामुळे आठवड्याच्या ठरलेल्या वारी शाळेत लहान मुलांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढच्यांना निळी गोळी मिळते. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, गुलाबीत ४५. हा कार्यक्रम बंद पडावा असं मी चुकूनही म्हणणार नाही.

प्रश्न लोहाच्या स्वभावाचा आहे. मीठ जास्त झालं तर मूत्रपिंडं ते लघवीतून काढून टाकतात. लोहासाठी शरीरात अशी मोरीच नाही. आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर, त्वचेबरोबर दिवसाला जेमतेम एखादा मिलिग्रॅम बाहेर जातो, मुलींचा पाळीत थोडा अधिक. म्हणून सगळा बंदोबस्त आत येण्याच्या दारावर, म्हणजे लहान आतड्यावर असतो. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक तिथे पहारा देतं. लोहाची गोळी पोटात गेली की हेप्सिडिन वाढतं आणि साधारण दिवसभर दार अर्धवट लावून घेतं. आठवड्याला एक गोळी पुरते, त्यामागे हेही एक कारण आहे.

मूठभर गोळ्या एकदम गेल्या की हा पहारा मोडतो. एवढं लोह आतड्याचं अस्तरच जाळतं, आणि जिथे अस्तर उरलं नाही तिथून ते थेट रक्तात शिरतं. रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन हे प्रथिन असतं. एरवी त्याच्या एक तृतीयांश जागा भरलेल्या असतात. आता सगळ्या भरतात आणि उरलेलं लोह मोकाट सुटतं. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून पहिला मार यकृताला बसतो. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांचं काम तिथे थांबायला लागतं.

किती गोळ्या म्हणजे फार? वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या पुढे त्रास सुरू होऊ शकतो आणि ६० च्या पुढे जिवावर बेतू शकतं. पस्तीस किलोच्या मुलीसाठी पहिला आकडा बारा निळ्या गोळ्यांतच गाठला जातो. आता तिच्या घरातल्या बारा किलोच्या भावाचा विचार करा. त्याच्यासाठी पहिली मर्यादा चार गोळ्यांची आणि जिवावरची बाराची. ताईच्या दप्तरात सापडलेली चकचकीत निळी पाकिटं त्याला चॉकलेटसारखीच दिसणार.

सगळ्यात फसवा भाग पुढेच आहे. पहिल्या काही तासांत उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. मग बऱ्याचदा मूल शांत होतं, बरं वाटतंय म्हणतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आत मात्र लोह पेशींमध्ये शिरत असतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यकृत कोसळतं. त्यामुळे जास्त गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलट्या थांबायची वाट न बघता १०८ ला फोन करायचा. रिकामी पाकिटं मोजून बरोबर न्यायची, कारण डॉक्टरांना गोळ्यांची संख्या आणि मुलाचं वजन या दोन गोष्टी आधी हव्या असतात. इतर अनेक विषबाधांत उपयोगी पडणारा औषधी कोळसा लोहाला धरत नाही. त्यावर डिफेरॉक्झामिन हे इंजेक्शन लागतं. मातीतला एक जीवाणू स्वतःसाठी लोह पकडायला जे रसायन बनवतो, त्यातूनच हे औषध आलं आहे.

हे कळलं की शाळेतले नियम कटकटीचे वाटत नाहीत. खिचडी खाऊन झाल्यावर, बाईंच्या डोळ्यांसमोर, पाण्याबरोबर, एकच गोळी. रिकाम्या पोटी दिली तर मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग गोळी बाकाखाली टाकतो. गैरहजर मुलाला दोन देऊन भरपाई करायची नाही. महिन्याच्या गोळ्या एकदम घरी पाठवणं सोयीचं वाटतं, पण माझ्या मते या साऱ्यात सर्वांत धोक्याची चूक तीच आहे. साठा कुलपात हवा, किल्ली एका शिक्षकाकडे हवी आणि वाटल्या-उरल्याची नोंद वहीत हवी. शौच काळं होतं हे पालकांना आधीच सांगावं, नाहीतर गावभर बोभाटा होतो. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी नको. थॅलेसेमियासाठी वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात लोह आधीच साचलेलं असतं, त्याला ही गोळी देऊच नये. अशा मुलांची नावं वर्गशिक्षकांना ठाऊक असायला हवीत.

कुलपाचा हा नियम दम्याच्या पंपाला मात्र लावू नका. काही शाळांत सगळी औषधं एकाच कपाटात जातात, आणि मैदानावर मुलाला धाप लागते तेव्हा किल्ली असलेले सर बाहेरगावी बैठकीला गेलेले असतात. सालब्युटामोलचा पंप काही मिनिटांत श्वासनलिका मोकळ्या करतो, पण तो हाताशी असेल तरच. मधुमेही मुलाच्या ग्लुकोजच्या पुडीचंही तसंच. साखर उतरली की मूल आधी गोंधळतं, मग बेशुद्ध पडतं, आणि त्या अवस्थेत ते कपाटापर्यंत चालत जाऊ शकत नाही. पंप आणि पुडी मुलाच्या दप्तरातच राहू द्या, आणि दोन्हींचा एकेक जादा नग वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या खणात, कुलपाशिवाय.