बाँड, ज्युलियन

(१४ जानेवारी १९४० – १५ ऑगस्ट २०१५). अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाचे वीस वर्षे सदस्य असलेले कृष्णवर्णीय नेते. निवडून आलेल्या प्रतिनिधीला त्याच्या विचारांसाठी सभागृहाबाहेर ठेवता येते का, या प्रश्नावरील अमेरिकेतील महत्त्वाचा न्यायनिर्णय त्यांच्या नावाने ओळखला जातो.

त्यांचा जन्म टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाला. वडील होरेस मान बाँड हे पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष होते, तर आई ग्रंथपाल होती. क्वेकर पंथीयांच्या जॉर्ज स्कूलमध्ये शिकून ते १९५७ मध्ये अटलांटाच्या मोअरहाउस महाविद्यालयात दाखल झाले. मार्च १९६० मध्ये तेथील नगरभवनाच्या केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात सहकाऱ्यांसह जाऊन बसल्याबद्दल त्यांना अटक झाली. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत त्याच वर्षी स्थापन झालेल्या विद्यार्थी अहिंसक समन्वय समितीच्या प्रसिद्धी विभागाची धुरा पुढे त्यांच्याकडे आली आणि त्यासाठी त्यांनी शिक्षण अर्धवट सोडले. पदवी त्यांनी १९७१ मध्ये घेतली.

न्यायालयाच्या आदेशाने मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर १९६५ मध्ये अटलांटातील एका कृष्णवर्णीयबहुल मतदारसंघातून ते राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. शपथविधीच्या चार दिवस आधी, ६ जानेवारी १९६६ रोजी, समितीने व्हिएतनाम युद्धाचा निषेध करणारे निवेदन काढले. ते बाँड यांनी लिहिलेले नव्हते. पण एका वार्ताहराने विचारताच आपण शांततावादी असून त्याला आपला पाठिंबा आहे, असे त्यांनी सांगितले. १० जानेवारीला इतर सदस्यांनी शपथ घेतली, बाँड यांना मात्र ती देण्यात आली नाही. ७५ सदस्यांनी त्यांच्या प्रवेशाला हरकत घेतली होती. चौकशीत सक्तीच्या लष्करभरतीची नोंदणीपत्रे निषेध म्हणून जाळण्याचा विषय निघाला, तेव्हा असे करण्याचा सल्ला आपण कोणालाही दिलेला नाही, आपले पत्र या क्षणी खिशात आहे आणि हवे असल्यास दाखवतो, असे उत्तर त्यांनी दिले. मात्र परिणामांची जाणीव ठेवून ती जाळणाऱ्यांच्या धैर्याचे आपल्याला कौतुक वाटते, हे म्हणणे त्यांनी मागे घेतले नाही. सभागृहाने १८४ विरुद्ध १२ मतांनी त्यांना प्रवेश नाकारला.

जागा रिकामी ठरवून पोटनिवडणूक घेण्यात आली, तीही बाँड यांनीच जिंकली. तरीही दार उघडले नाही. दरम्यान त्यांनी न्यायालयात धाव घेतली होती आणि त्यांच्या मतदारसंघाचे रहिवासी म्हणून मार्टिन ल्यूथर किंग हेही दाव्यात सामील झाले होते. कनिष्ठ न्यायालयाच्या तीनपैकी दोन न्यायाधीशांनी सभागृहाची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर १९६६ रोजी ‘बाँड विरुद्ध फ्लॉइड’ खटल्यात एकमताने उलट निर्णय दिला. आमदाराने सामान्य नागरिकापेक्षा अधिक निष्ठा दाखवली पाहिजे, हा राज्याचा युक्तिवाद सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी फेटाळला. वादग्रस्त प्रश्नांवर आपली भूमिका मांडणे हे आमदाराचे कर्तव्यच असून मतदारांना ती कळली पाहिजे, असे त्यांनी लिहिले. या खटल्यात बाँड यांच्या हक्काइतकाच त्यांच्या मतदारांचा हक्क पणाला लागला होता, हे लक्षात घ्यावयास हवे. जानेवारी १९६७ मध्ये बाँड यांनी शपथ घेतली.

१९६८ च्या शिकागो येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उपाध्यक्षपदासाठी त्यांचे नाव पुकारले गेले. या पदाला किमान वय ३५ लागते आणि ते २८ वर्षांचे होते, त्यामुळे त्यांनी ते मागे घेतले. १९७५ मध्ये ते राज्याच्या सिनेटमध्ये गेले. (महाराष्ट्राच्या विधान परिषदेप्रमाणे हेही दुसरे सभागृह असले, तरी त्याचे सर्व सदस्य थेट मतदारच निवडतात.) तेथे त्यांनी अटलांटात कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेला काँग्रेसचा (अमेरिकेच्या संसदेचा) मतदारसंघ आखला जावा यासाठी नेटाने झुंज दिली. १९८६ मध्ये याच पाचव्या मतदारसंघातून ते स्वतः उभे राहिले. पण पक्षांतर्गत निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत चळवळीतील जुने सहकारी जॉन लुइस यांच्याकडून त्यांचा पराभव झाला आणि त्यांची विधिमंडळातील कारकीर्दही संपली. पुढे त्यांनी विद्यापीठांत अध्यापन केले आणि १९९८ ते २०१० या काळात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या जुन्या संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले. फ्लॉरिडातील फोर्ट वॉल्टन बीच येथे त्यांचे निधन झाले.